परलोकाचे गणित आणि इहलोकाचा खर्च

परलोक या विषयाची एक मोठी सोय आहे. त्यावर कितीही उत्तरे लिहिली तरी पेपर तपासणारा कधीच येत नाही. तिकडे गेलेला कोणी परत येऊन ‘तुमचे उत्तर चुकले’ असे सांगत नाही. त्यामुळे कीर्तनकार, ज्योतिषी आणि गप्पिष्ट यांच्याबरोबर अधूनमधून विज्ञानाची माणसेही या विषयात हात मारून घेतात. त्यांच्या हाती आकडे असतात, सूत्रे असतात आणि मुख्य म्हणजे चेहरा गंभीर ठेवण्याची सवय असते.

असले हिशेब वर्गात सांगितले की मुले खूष होतात. म्हणून ते शिक्षकांत लोकप्रिय आहेत आणि असावेतही. पण या विनोदांतून मुले नेमके काय शिकतात, हे एकदा तपासून पाहायला हवे. येथे असे चार हिशेब परीक्षणासाठी घेतले आहेत. कसोटी एकच: हा हिशेब चुकला असेल, तर ते कळण्याची सोय त्यात ठेवली आहे का?

पहिला हिशेब : स्वर्ग तापतो किती?

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपुढे गेला की वऱ्हाडात एक विनोद हमखास ऐकू येतो. अकोल्याचा एक माणूस मेल्यावर नरकात गेला आणि पहिल्याच रात्री त्याने अंगावर घ्यायला चादर मागितली. विनोद म्हणून हे ठीक आहे. पण नरकाचे तापमान खरोखर किती, हा प्रश्न १९७२ साली ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ या प्रतिष्ठित संशोधनपत्रिकेतल्या एका छोट्या निनावी टिपणाने मांडला आणि सोडवलाही.

टिपणातला युक्तिवाद असा. बायबलातील यशयाच्या ग्रंथात म्हटले आहे की त्या दिवशी चंद्राचा प्रकाश सूर्याएवढा होईल आणि सूर्याचा प्रकाश सातपट, सात दिवसांच्या प्रकाशाएवढा होईल. म्हणजे स्वर्गाला चंद्राकडून १ आणि सूर्याकडून ७ गुणिले ७, म्हणजे ४९. असा पृथ्वीच्या एकूण ५० पट प्रकाश मिळतो. तापलेली वस्तू किरणोत्सर्जनाने जी ऊर्जा बाहेर टाकते, ती तिच्या केल्विनमधल्या तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. तेव्हा आलेली ऊर्जा ५० पट असेल, तर समतोलाचे तापमान ५० च्या चतुर्थमूळाइतके पट होईल. गणकयंत्रावर ५० लिहून वर्गमुळाची कळ दोनदा दाबा. उत्तर येते २.६६. पृथ्वीचे तापमान ३०० केल्विन धरले, तर स्वर्गाचे येते ७९८ केल्विन, म्हणजे ५२५ अंश सेल्सिअस.

आता नरक. तेथे जळत्या गंधकाचे सरोवर आहे, असे प्रकटीकरणाच्या पुस्तकात सांगितले आहे. सरोवर म्हणजे द्रव. गंधक ४४४.६ अंशांना उकळतो, म्हणून नरकाचे तापमान त्याहून कमीच असले पाहिजे. निष्कर्ष: स्वर्ग नरकापेक्षा गरम आहे!

टिपण गमतीचे आहे, पण त्यातली सूत्रे खोटी नाहीत. म्हणूनच ते परीक्षणाला योग्य. १९९८ साली स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला विद्यापीठाच्या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी, मिरा पेरेझ आणि विन्या यांनी, ‘फिजिक्स टुडे’मध्ये पत्र लिहून एक दुरुस्ती सुचवली. सात दिवसांचा प्रकाश म्हणजे सातपटच, ४९ पट नव्हे. मग एकूण प्रकाश ८ पट आणि स्वर्गाचे तापमान सुमारे २३१ अंश. स्वर्ग एका पत्राने जवळपास ३०० अंशांनी थंड झाला!

आपणही त्यात एक भर घालू. मूळ टिपणात पृथ्वीचे तापमान ३०० केल्विन धरले आहे. प्रत्यक्षात तिची सरासरी २८८ केल्विनच्या आसपास असते, आणि तीही वातावरणाच्या गोधडीमुळे. ही गोधडी काढून घेतली, तर पृथ्वी सुमारे २५५ केल्विनवर, म्हणजे उणे १८ अंशांवर येईल. आता स्वर्गात वातावरण आहे का? आत्म्यांना श्वास घ्यायचा नसतो, तेव्हा ते असलेच पाहिजे असे नाही. वातावरणाशिवाय तोच ५० पटींचा हिशेब केला, तर उत्तर येते ६७८ केल्विन, म्हणजे ४०५ अंश. हे गंधकाच्या उत्कलनबिंदूच्या खाली आहे. गंधक वितळतो सुमारे ११५ अंशांना, म्हणजे नरक ११५ ते ४४५ यांमध्ये कुठेही असू शकतो, आणि स्वर्ग गरम की नरक, हे सांगताच येत नाही. त्यातून नरक जमिनीखाली खोल असेल आणि तेथे दाब जास्त असेल, तर प्रेशर कुकरमधल्या पाण्याप्रमाणे गंधकाचाही उत्कलनबिंदू वर चढणार. मग वरची मर्यादाही गेली.

एकाच गणिताची तीन उत्तरे आली: ५२५, २३१ आणि ४०५. चौथ्या घाताचा नियम तिन्ही ठिकाणी बरोबर वापरला आहे. बदलली ती गृहीते. त्यांतले कोणते बरोबर, हे ठरवायला तापमापक घेऊन कोणी जाऊ शकत नाही. या हिशेबाचा दोष विनोदात नाही. गणित चोख असले की उत्तर खरे असते, हा समज तो नकळत पक्का करतो, तिथे दोष आहे. शिक्षकाने हा विनोद सांगावा, पण तीनही उत्तरांसह सांगावा. एकच उत्तर सांगितले तर तो चुटका होतो, तिन्ही सांगितली तर तो धडा होतो.

दुसरा हिशेब : यमलोकाची वाट

बायबलाची चेष्टा करणे आपल्याला सोपे जाते, म्हणून आता घरचे उदाहरण घेऊ. मृत्यूनंतरच्या दिवसांत अनेक घरांत गरुडपुराण वाचले जाते. त्यातल्या प्रेतकल्पात यममार्गाचे चक्क मोजमाप दिले आहे. वैतरणी सोडून हा मार्ग ८६,००० योजने लांब आहे, आणि प्रेत दिवसरात्र चालून रोज २४७ योजने कापते. वाटेत सोळा गावे लागतात.

भागाकार करून पाहा. ८६,००० भागिले २४७ म्हणजे ३४८ दिवस. चांद्र वर्ष असते ३५४ दिवसांचे. म्हणजे वर्षश्राद्धाच्या सुमारास प्रवासी मुक्कामाला पोचतो! लिहिणाऱ्याने भागाकार केला होता, यात शंका नाही. अंतर, वेग आणि विधींचे वेळापत्रक यांचा मेळ त्याने नीट घातला आहे. आतल्या आत सुसंगत असण्याच्या परीक्षेत हा ग्रंथ पहिल्या वर्गात उतरतो.

आता बाहेरच्या जगाशी ताळा करू. योजन म्हणजे नेमके किती, यावर एकमत नाही. ८ ते १३ किलोमीटर धरू. मग रोजची मजल सुमारे २,००० ते ३,२०० किलोमीटर होते, आणि वेग ताशी ८२ ते १३४ किलोमीटर. अकोल्याहून बडनेऱ्याचे सुमारे ८० किलोमीटर अंतर प्रेत तासाभरात कापील, आणि त्याला मूर्तिजापूरला थांबाही नाही. संपूर्ण वाट होते ७ ते ११ लाख किलोमीटर. चंद्राच्या अंतराच्या जवळपास दुप्पट ते तिप्पट.

खरी अडचण दिशेची आहे. यमाची दिशा दक्षिण. अकोला साधारण २०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथून सरळ दक्षिणेला निघालेला प्रवासी सुमारे १२,३०० किलोमीटरांवर दक्षिण ध्रुवावर पोचतो. वरच्या वेगाने हा पल्ला चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान संपतो. आणि ध्रुवावर उभे राहिले की दक्षिण उरतच नाही. जिकडे पाऊल टाकावे तिकडे उत्तरच! अजून अकरा महिन्यांची वाट शिल्लक आहे आणि दिशा संपलेली आहे.

हा हिशेब पहिल्यापेक्षा सरस आहे, कारण त्यात चूक कळण्याची एक जागा आहे. सपाट पृथ्वीवर ही वाट बसते, गोल पृथ्वीवर बसत नाही. पण यातून आपण काय सिद्ध केले, तेही नीट सांगितले पाहिजे. ग्रंथ रचणाऱ्याच्या मनात सपाट जग होते, एवढेच सिद्ध झाले. परलोक नाही, हे काही सिद्ध झाले नाही. श्रद्धाळू माणूस म्हणेल की ही वाट सूक्ष्म देहाची आहे, तिला तुमचे अक्षांश-रेखांश कशाला? यावर आपल्याकडे भूगोलाचे उत्तर नाही. मात्र एक प्रश्न आहे. वाट सूक्ष्म आहे, तर त्या वाटेसाठी छत्री, जोडे, अंथरूण आणि वैतरणीसाठी गाय, ही दाने स्थूल का? मोजमाप नाकारायचे असेल तर दोन्हीकडे नाकारावे. परलोकाचे गणित इहलोकाच्या वहीत उतरते ते येथे.

तिसरा हिशेब : आत्म्याचे वजन

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात हॅव्हरहिल नावाचे गाव आहे. तेथील डंकन मॅकडूगल या डॉक्टरने तराजूच वापरला. त्याने मरणासन्न रुग्णांची खाट एका मोठ्या काट्यावर ठेवली आणि मृत्यूच्या क्षणी वजन किती घटते ते पाहिले. १९०७ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या रुग्णाचे वजन पाऊण औंसाने, म्हणजे सुमारे २१ ग्रॅमने घटले. तेव्हापासून ‘आत्म्याचे वजन २१ ग्रॅम’ हे वाक्य जगभर फिरते आहे. त्या नावाचा एक चित्रपटही २००३ साली निघाला.

मॅकडूगलचे कौतुक आधी करू. चार हिशेबांतला हा पहिला माणूस, ज्याने प्रश्न मोजपट्टीखाली आणला. उत्तर शून्य येण्याची शक्यता त्याने पत्करली. पण पुढे काय केले? रुग्ण होते एकूण सहा. त्यांतल्या दोघांची मोजणी त्याने स्वतःच बाद ठरवली. उरलेल्या चौघांचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. काट्याची अचूकता औंसाच्या एक पंचमांशाइतकी, म्हणजे साडेपाच ग्रॅमच्या पुढेच. मृत्यूचा नेमका क्षण ठरवणे तर आजही सोपे नाही. अशा सहांतून एक आकडा उचलायचा आणि त्याला आत्मा म्हणायचे! आपला एखादा विद्यार्थी लंबकाच्या सहा वाचनांतून पुस्तकाशी जुळणारे तेवढेच वहीत उतरवतो, तेव्हा आपण त्याला रागावतो. इथे तर ज्याच्याशी ताडून पाहावे असे पुस्तकही नव्हते.

शिवाय सहाही रुग्णांचे वजन अगदी २१ ग्रॅमनेच घटले असते, तरी ‘वजन घटले’ एवढेच कळले असते. घाम, श्वासातली वाफ, हवा अशी कारणे एकेक करून बाद केल्यावाचून आत्म्याचा क्रमांक लागत नाही. मॅकडूगलने पंधरा कुत्र्यांवरही प्रयोग केला. त्यांचे वजन घटले नाही, म्हणून कुत्र्यांना आत्मा नसतो असे त्याने मानले. महाभारतात युधिष्ठिर आपल्याबरोबरच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार देतो. मॅकडूगल दारावर असता, तर त्याने काटा पुढे केला असता.

चौथा हिशेब : कावळा

आता ज्या हिशेबाशी आपल्या विद्यार्थ्यांची खरोखर गाठ पडते, तो घेऊ. दहाव्या दिवशी पिंड ठेवतात आणि कावळा शिवण्याची वाट पाहतात. कावळा आला नाही, तर मृताची काही इच्छा राहिली असे समजतात. मग नातलग एकेक वचन देतात. ‘धाकटीचे लग्न आम्ही करून देऊ.’ ‘वावर विकणार नाही.’ एका वचनानंतर कावळा उतरतो आणि सगळे समजतात की इच्छा हीच होती.

येथे तर्क कुठे घसरतो? कावळा हा सावध आणि हुशार पक्षी आहे. नवी जागा, नवी वस्तू आणि माणसांची गर्दी दिसली की तो थांबून अंदाज घेतो. थोडा वेळ गेला, माणसे मागे सरली, की उतरतो. वचने एकामागून एक दिली जात असतात आणि त्याच वेळी घड्याळही चालू असते. कावळा केव्हा ना केव्हा उतरणारच, आणि तो उतरेल तेव्हा जे वचन शेवटचे असेल त्याला मान मिळणार. वचनांचा क्रम उलटा लावला असता, तर मृताची इच्छाही बदलली असती! आणि कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला शिववतात. म्हणजे या परीक्षेत नापास होण्याची तरतूदच नाही.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे, पण कोणाच्या विधीच्या जागी मुळीच नाही. शाळेच्या मैदानावर रोज ठरल्या वेळी भाकरीचे सारखे तुकडे ठेवा. एक दिवस मुलांनी पाच पावलांवर उभे राहावे, दुसऱ्या दिवशी पन्नास पावलांवर. कावळा किती मिनिटांनी आला ते लिहावे. महिनाभर नोंदी ठेवल्या, तर मुलांना कावळ्याविषयी काही खरे कळेल, आणि एका नोंदीवरून निष्कर्ष काढू नये हेही कळेल.

वऱ्हाडची परंपरा

चारही हिशेब बाजूला ठेवून आता एक जुना प्रश्न पाहू. येथे दिलेले अन्न परलोकातल्या माणसाला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी का बांधावी? घरच्यांनी घरी जेवू घातले की झाले. हा प्रश्न चार्वाकांच्या नावावर ‘सर्वदर्शनसंग्रह’ या चौदाव्या शतकातल्या ग्रंथात नोंदलेला आहे. याच प्रश्नाची एक गोष्ट गुरू नानकांविषयी सांगतात. हरिद्वारला लोक पितरांसाठी पाणी उडवत होते, तेव्हा नानक उलट दिशेला आपल्या शेतासाठी पाणी उडवू लागले. वऱ्हाडात हीच गोष्ट गाडगेबाबांच्या नावावर ऐकू येते. एक गोष्ट दोन नावांवर असली की इतिहास म्हणून ती जपूनच घ्यावी. पण ती आमच्याकडे बाबांना चिकटली, हे स्वाभाविक आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या या माणसाचे कीर्तन म्हणजे सगळा प्रश्नोत्तरांचा मामला होता. बाबांनी वऱ्हाडीत प्रश्न टाकायचा आणि उत्तर श्रोत्यांनीच द्यायचे.

पाण्याच्या गोष्टीचेही परीक्षण करायला हवे. तर्क म्हणून ती निर्णायक नाही. शेत म्हणजे काही पितर नव्हे, असे उत्तर त्यावर देता येते. तिचे मोल वेगळे आहे. ‘हे पोचते, हे तुम्हाला कसे कळले?’ हा प्रश्न ती दावा करणाऱ्याच्या अंगणात नेऊन ठेवते. पुराव्याची जबाबदारी कोणाची, हे सांगणारी याहून सोपी गोष्ट शोधून सापडणार नाही.

बाबांचा मुख्य प्रश्न मात्र परलोकाचा नव्हताच. त्यांचे वडील दारूपायी गेले होते. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाचे जेवण न देता त्यांनी गोडाचे जेवण दिले. कर्ज काढून सण आणि विधी करू नका, जेवायचे ताट मोडा पण पोराला शाळेत घाला, हे ते गावोगाव सांगत राहिले. आपले मरण येईल तेथेच अंत्यविधी करावा, मूर्ती किंवा समाधी उभारू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावपाशी, पेढी नदीजवळ त्यांचे निधन झाले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

दुसरे नाव अकोल्याशी जोडलेले आहे. गोपाळ गणेश आगरकर १८७५ साली अकोल्याहून मॅट्रिक झाले. ‘शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार’ हे त्यांच्या निबंधाचे शीर्षकच बोलके आहे. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. परलोकावर लिहिणाऱ्यांत स्वतःच्या अंत्ययात्रेचे प्रत्यक्ष निरीक्षण करायला मिळालेला हा बहुधा एकमेव निबंधकार असावा. १८९५ साली ते वारले, तेव्हा अंत्यविधीसाठी वीस रुपये त्यांनी पुडीत बांधून ठेवलेले सापडले, असे सांगतात. आपल्या मरणाचा खर्च दुसऱ्यावर पडू नये, एवढाच त्यांचा परलोकाचा हिशेब होता.

वर्गात

परीक्षणाचा निकाल असा. स्वर्गाच्या तापमानात चूक कळण्याची सोय नाही. यमाच्या वाटेत ती आहे, पण तिथे चुकते ते गोल पृथ्वीवर. मॅकडूगलने ती ठेवली, पण निकाल येताच बाजूला सारली. कावळ्याच्या विधीत दर्भाने ती बुजवली आहे. मुलांना चारही सांगाव्यात, त्यांनी हसावे.

पण हसताना एक गोष्ट विसरू नये. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अमरावती, अकोला, यवतमाळ ही नावे देशभर कापसापेक्षा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे छापली गेली. आपल्या वर्गातल्या चाळीस-पन्नास मुलांत एखाद्याच्या घरी नुकतीच तेरवी झालेली असेल. त्याच्या आईने कावळ्यासमोर दिलेले वचन त्याने कानांनी ऐकलेले असेल. त्या मुलासमोर कावळ्याची टिंगल केली, तर त्याला तर्कशास्त्र कळणार नाही. मास्तर आपल्या बापाला हसले, एवढेच कळेल.

त्याच्याशी बोलायचे तर वचनावर बोलावे. ‘पोराचे शिक्षण थांबवणार नाही’ असे काकाने दहा माणसांसमोर म्हटले असेल, तर ते कावळा उतरला म्हणून खरे होत नाही आणि उतरला नाही म्हणून खोटेही होत नाही. ते पाळायचे की नाही, हे काकाच्या हाती आहे. आणि तेरवीच्या पंगतीसाठी सावकाराकडून उचललेले पैसे त्याच शिक्षणातून कापले जाणार असतील, तर तो हिशेब मात्र मुलाने वहीत मांडायला शिकलाच पाहिजे. मुद्दल, व्याजाचा दर, महिने. सातवीच्या गणितात तो येतो, आणि त्याचे उत्तर तपासायला कोणाला परलोकात जावे लागत नाही.